चुंगकिंग मॅन्शन्समधल्या खानावळी

हाँगकाँगच्या कौलून भागात, नेथन रोडच्या ३६ ते ४४ क्रमांकांवर, चुंगकिंग मॅन्शन्स ही सतरा मजली इमारत १९६१ पासून उभी आहे. खालचे मजले सलग बाजाराचे आणि त्यांच्या डोक्यावर ए, बी, सी, डी, ई असे पाच वेगवेगळे मनोरे, अशी तिची रचना. तळमजल्यावर परकीय चलन बदलून देणारे, मोबाइल आणि सिमकार्डे विकणारे, बॅगा, घड्याळे, कापडचोपड मांडून बसलेले दुकानदार. वर लहानलहान खोल्यांची स्वस्त गेस्टहाउसे, गोदामे, कचेऱ्या आणि काही राहती घरे. या गर्दीतच खाण्याची ठिकाणे आहेत. खाली काउंटरवर मांडलेली, वर बंद दारांआड दडलेली, बहुतेक भारतीय आणि पाकिस्तानी. हाँगकाँगमध्ये कमी पैशांत पोटभर डाळ-रोटी, मटण-भात कुठे मिळेल, असे विचारणाऱ्याला गेली चार-पाच दशके याच इमारतीकडे बोट दाखवले जाते. तिथून काही मिनिटे चालले की १९२८ साली सुरू झालेले पेनिन्सुला हे हाँगकाँगचे सर्वांत मानाचे हॉटेल लागते. जगातल्या अतिमहाग जमिनींमध्ये मोजल्या जाणाऱ्या या पट्ट्यात इतके स्वस्त अन्न इतकी वर्षे कसे टिकून राहिले, हा या इमारतीच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात थोडे आणि इमारतीच्या मालकीत पुष्कळ सापडते.

या भागातली भारतीय वस्ती इमारतीपेक्षा पुष्कळ जुनी. २६ जानेवारी १८४१ रोजी ब्रिटिशांनी हाँगकाँग बेटावर निशाण लावले, तेव्हा त्यांच्या फौजेत हिंदुस्थानी शिपाई होतेच. समोरचे कौलून द्वीपकल्प १८६० साली ब्रिटिशांच्या ताब्यात आले आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे व्हिटफील्ड बराकी उभ्या राहिल्या. हिंदुस्थानी पलटणी या बराकींत राहत. त्यांतल्या मुसलमान शिपायांसाठी १८९६ साली नेथन रोडला लागून मशीद बांधली गेली. आज त्याच जागी दिसणारी संगमरवरी कौलून मशीद १९८४ची. भुयारी रेल्वेच्या कामात जुन्या मशिदीला धोका पोहोचल्यामुळे ती नव्याने बांधावी लागली. बराकींच्या जागेवर १९७० पासून कौलून पार्क आहे. पोलिसांतही पंजाबी शीख आणि मुसलमानांची मोठी भरती होई. म्हणजे चुंगकिंग मॅन्शन्सच्या पायाचा दगड बसण्याच्या कितीतरी आधीपासून या रस्त्याच्या आसपास तवे तापत होते आणि कणीक मळली जात होती.

मुंबईचा या परिसराशी असलेला संबंध वेगळ्या वाटेने आला आणि तोही खाण्याच्याच धंद्यातून. दोराबजी नवरोजी मिठाईवाला हे पारशी गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईहून हाँगकाँगला पोहोचले. आचारी म्हणून काम करता करता त्यांनी बेकरीचा व्यवसाय उभा केला. बेट आणि कौलून यांच्यामधली खाडी ओलांडायची सोय नीटशी नव्हती, ती त्यांनी वाफेच्या होड्यांनी केली. १८८८ साली त्यांनी कौलून फेरी कंपनी स्थापली. तिलाच १८९८ मध्ये स्टार फेरी हे नाव मिळाले आणि त्या नावाने ती आजही चालू आहे. तिचा कौलूनचा धक्का चुंगकिंग मॅन्शन्सपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. इमारतीच्या लगतच नेथन रोडला फुटणाऱ्या रस्त्याचे नाव मोदी रोड. ते होरमसजी नवरोजी मोदी यांच्यावरून पडले. मुंबईत जन्मलेल्या मोदींनी आधी अफूच्या आणि नंतर जमिनींच्या व्यवहारात संपत्ती मिळवली आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीसाठी मोठी देणगी दिली. अर्थात या धनिक पारशांचा पुढच्या खानावळींशी थेट संबंध जोडता येत नाही. मात्र हिंदुस्थानातून येणारा माणूस या किनाऱ्यावर कधी नवखा नव्हता, एवढे त्यातून दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाँगकाँगचे रूपच बदलले. १९४५ साली शहराची लोकसंख्या सुमारे सहा लाखांवर आली होती. चीनमधून आलेल्या निर्वासितांमुळे १९६१च्या जनगणनेत ती तीस लाखांच्या पुढे गेली. माणसांना राहायला घरे हवी होती आणि बांधकाम करणाऱ्यांना पैसा लवकर मोकळा करायचा होता. त्यामुळे मोठमोठ्या इमारती बांधून त्यांतले गाळे आणि सदनिका सुट्या विकण्याची पद्धत याच काळात रुळली. चुंगकिंग मॅन्शन्स तिचेच अपत्य. या जागेवर पूर्वी चुंगकिंग आर्केड नावाचा बाजार होता. युद्धकाळात चीनची राजधानी असलेल्या शहराचे ते नाव नव्या इमारतीला पुढे लागले. सुरुवातीला ही बऱ्यापैकी प्रतिष्ठित वस्ती होती. आसपासच्या इमारतींपेक्षा ती उंच होती आणि खालच्या बाजारात चांगली दुकाने होती. दक्षिण आशियाई दुकानदार आणि भाडेकरू अगदी पहिल्यापासून तिथे होते. फाळणीनंतर सिंधमधून बाहेर पडलेल्या अनेक व्यापारी कुटुंबांनी हाँगकाँग गाठले होते. चिम-शा-चुईत, म्हणजे नेथन रोडच्या या दक्षिण टोकाला, त्यांची कापडाची आणि शिंपीकामाची दुकाने चांगली चालत.

इमारतीची प्रतिष्ठा फार टिकली नाही. साठीच्या दशकात व्हिएतनाम युद्धातले अमेरिकन सैनिक सुट्टीवर हाँगकाँगला येऊ लागले. त्यांच्यामागोमाग बार आणि वेश्याव्यवसाय आला. चुंगकिंग मॅन्शन्समध्येही तो शिरला. ज्यांना परवडत होते ती कुटुंबे इतरत्र निघून गेली. सुट्या मालकीच्या मोठ्या सदनिका आतून भिंती घालून लहान खोल्यांत वाटल्या गेल्या आणि तिथे गेस्टहाउसे सुरू झाली. इमारतीच्या देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे शेकडो मालकांमध्ये कधी स्पष्ट होत नसे. जिने कळकट झाले, वायरींची जाळी लोंबू लागली, पाण्याचे नळ गळू लागले. अशा घसरणीमुळे भाडी उतरली आणि उतरलेल्या भाड्यांनीच खानावळींना जागा करून दिली. रस्त्यावरच्या दर्शनी दुकानात ज्याला एक महिनाही निभावता आला नसता, असा माणूस इथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन चूल मांडू शकत होता.

या वरच्या मजल्यांवरच्या खानावळींना तिथे मेस म्हणतात. नाव पलटणीतून आलेले. एका तुकडीच्या सामायिक खर्चाचा सामायिक स्वयंपाक, हा त्याचा तिथला अर्थ. घर सोडून आलेल्या एकट्या पुरुषाला त्याच्या चवीचे रोजचे जेवण मिळावे, ही त्यामागची गरज. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांसाठी चाळीतल्या बायकांनी खोलीखोलीत खानावळी चालवल्या, त्यामागेही हीच गरज होती. फरक असा, की गिरणगावात रांधणारे हात बहुतेक बायकांचे होते, तर चुंगकिंगमध्ये आचारी पुरुष, वाढपी पुरुष आणि बराच काळ जेवणारेही पुरुषच. दुकानात नोकरी करणारे, माल घेऊन आलेले, जहाजावरून उतरलेले, सैन्यातून सुटून खाजगी पहारेकऱ्याचे काम धरलेले असे हे गिऱ्हाईक. त्याला मेनूकार्ड नको होते. डाळ, भाजी, मटणाचा रस्सा, गरम रोट्या आणि बसायला एक खुर्ची एवढे त्याला पुरत असे.

दिल्ली क्लब, ताजमहाल क्लब, एव्हरेस्ट क्लब, खैबर पास अशी या मेसची नावे हाँगकाँगमध्ये दीर्घकाळ माहीत आहेत. नावात क्लब असण्याला कायद्याचे कारण आहे. रहिवासी इमारतीच्या वरच्या मजल्यावर सर्वांसाठी खुले उपाहारगृह काढायचे तर आग, वायुवीजन, स्वच्छता, बाहेर पडण्याच्या वाटा यांचे जे नियम लागत, ते जुन्या सदनिकेत पाळणे जवळपास अशक्य होते. केवळ सभासदांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी चालणारा क्लब म्हणून नोंद झाली तर वाट मोकळी होई. त्यामुळे खानावळी क्लब झाल्या आणि जेवायला येणारे त्यांचे सभासद. ही केवळ पळवाट म्हणून सोडून देता येणार नाही. मेस ही मुळातच ओळखीच्या माणसांची असते, कोण रोज येतो, कोणाची उधारी किती, हे मालकाला तोंडपाठ असते. कायद्याने मागितलेले सभासदत्व तिथे आधीच अस्तित्वात होते.

मेसच्या चार भिंतींत बाहेरचे जग शिरले ते सत्तरीच्या दशकात. युरोपातून आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत पाठीवर पिशवी टाकून भटकणाऱ्या तरुणांची लाट त्या काळात जोरात होती. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांच्या लोनली प्लॅनेट या प्रकाशनाने १९७५ साली आग्नेय आशियाच्या स्वस्त प्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक काढले. अशा पुस्तकांमुळे हाँगकाँगमधला स्वस्त मुक्काम म्हणजे चुंगकिंग मॅन्शन्स, हे समीकरण पक्के झाले. खोली जेमतेम खाटेएवढी, पण भाडे परवडणारे. या प्रवाशांपैकी कित्येकजण भारत आणि नेपाळ पालथा घालून आलेले होते, काहींना तिकडे जायचे होते. त्यांना डाळ-भाताची सवय होती किंवा उत्सुकता होती. दारावर पाटी नसलेल्या मेसमध्ये तेही जिने चढून जाऊ लागले. १६ डिसेंबर १९७९ रोजी भुयारी रेल्वेचे चिम-शा-चुई स्थानक सुरू झाले आणि इमारत शहराच्या कोणत्याही टोकाहून सहज गाठता येऊ लागली.

प्रवासी वाढले तसे आचाऱ्यांनी पदार्थ वाढवले. तंदूर आले, बटर चिकन आले, नान आणि लस्सी आली. मेसचे मूळ जेवण मागे राहिले नाही, त्याच्या शेजारी हे दुसरे जेवण उभे राहिले. एकाच स्वयंपाकघरातून कामगाराला मोजक्या पैशांत डाळ-रोटी आणि प्रवाशाला जरा जास्त पैशांत तंदुरी कोंबडी, असा दुहेरी हिशेब बसला. वरच्या मजल्यावरच्या धंद्याची मोठी अडचण होती ती गिऱ्हाइकाला खालून वर आणण्याची. ती सोडवायला दारातच माणसे उभी राहू लागली. हातात कार्ड ठेवून, थेट लिफ्टपर्यंत सोबत करणारी ही माणसे आजही नेथन रोडच्या पायऱ्यांवर भेटतात. कोणी शिंप्यासाठी, कोणी गेस्टहाउससाठी, कोणी मेससाठी बोलावत असतो. त्यांच्या आग्रहाने अनेक पाहुणे बिचकतात. पण रस्त्याकडे तोंड नसलेल्या खानावळीला दुसरी पाटी परवडत नाही.

लिफ्ट ही या खानावळींच्या अर्थशास्त्रातली स्वतंत्र बाब आहे. प्रत्येक मनोऱ्याला दोनच लिफ्ट, त्याही अरुंद. जेवणाच्या वेळी तळमजल्यावर लांब रांगा लागतात. पिठाची पोती, कांद्याच्या गोण्या, गॅसची सिलिंडरे, परतीचा कचरा आणि गेस्टहाउसमधल्या पाहुण्यांच्या पेट्या यांची वाहतूकही त्यांतूनच. जी मेस तिसऱ्या मजल्यावर आहे तिला जिन्याचा आधार मिळतो. सातव्या मजल्यावरच्या मेसला गिऱ्हाईक लिफ्टसाठी थांबेल यावर भिस्त ठेवावी लागते. बऱ्याच जुन्या मेस खालच्या मजल्यांवर का एकवटल्या, याचे कारण यात आहे.

इमारतीच्या दुरवस्थेची किंमत १९८८ साली मोजावी लागली. त्या वर्षी लागलेल्या आगीत डेन्मार्कच्या एका पर्यटकाचा मृत्यू झाला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत चुंगकिंग मॅन्शन्सचे नाव झळकले. १९९१ साली हाँगकाँग सरकारने गेस्टहाउसांसाठी परवान्याचा आणि क्लबांच्या जागांच्या सुरक्षिततेचा, असे दोन कायदे केले. पहिल्याने लॉजवाल्यांना, दुसऱ्याने मेसवाल्यांना नियमांखाली आणले. अग्निशामक उपकरणे, आगीला तोंड देणारी दारे, सुटकेच्या मोकळ्या वाटा बंधनकारक झाल्या. ज्यांना हा खर्च पेलला नाही ते बंद पडले. जे टिकले त्यांना सरकारी प्रमाणपत्र मिळाले. हे नियम जाचक होते अशी तक्रार तेव्हा झाली असेल, पण अरुंद बोळांच्या सतरा मजली इमारतीत रोज आग पेटवून स्वयंपाक होत होता, हे लक्षात घेता ते आणखी लवकर यायला हवे होते. १९९३ साली विद्युत यंत्रणा कोसळून इमारत कित्येक दिवस अंधारात राहिली. त्यानंतर मालकांच्या संघटनेने दुरुस्ती मनावर घेतली. पुढच्या दीड-दोन दशकांत पहारेकरी नेमले गेले, कॅमेरे बसले, लिफ्ट बदलल्या आणि दर्शनी भागाचे नूतनीकरण झाले.

१९९४ साली वाँग कार-वाय यांचा ‘चुंगकिंग एक्सप्रेस’ हा चित्रपट आला आणि इमारतीचे नाव सिनेमाप्रेमींपर्यंत गेले. त्याचा पहिला भाग या इमारतीच्या बोळांत घडतो. शीर्षकातला दुसरा शब्द मात्र खाडीपलीकडच्या लान क्वाय फाँगमधल्या ‘मिडनाइट एक्सप्रेस’ या खाद्यपदार्थांच्या दुकानावरून घेतलेला आहे. चित्रपटातले ते प्रसिद्ध खाण्याचे ठिकाण चुंगकिंगमध्ये शोधणारे पाहुणे त्यामुळे चुकीच्या किनाऱ्यावर उतरतात. चित्रपटाने इमारतीभोवतीचे गूढ वाढवले. त्याचा फायदा गेस्टहाउसांना झाला, खानावळींना झाला, पण स्थानिक चिनी लोकांच्या मनातली भीतीही त्याने घट्ट केली. चोर, दलाल आणि व्यसनी लोकांची इमारत, अशी समजूत घेऊन हाँगकाँगची एक अख्खी पिढी तिच्यासमोरून आत न डोकावता गेली.

नव्वदीच्या अखेरीपासून आफ्रिकेतले व्यापारी येऊ लागले आणि इमारतीला तिसरे रूप मिळाले. नायजेरिया, घाना, टांझानिया, केनिया अशा देशांतून माणसे थोडे भांडवल घेऊन येत, तळमजल्यावरच्या घाऊक दुकानांतून चिनी बनावटीचे मोबाइल विकत घेत आणि सामानातून किंवा विमानाच्या मालवाहतुकीने घरी नेत. चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगमधले मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन मॅथ्यूज यांनी या इमारतीत राहून, खाऊन, बोलून केलेला अभ्यास २०११ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. गेस्टहाउसांच्या वह्यांतून त्यांनी १२९ राष्ट्रीयत्वांची नोंद काढली. इमारतीत एका रात्री सुमारे चार हजार माणसे मुक्कामाला असतात, हाही त्यांचाच अंदाज. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत वापरल्या जाणाऱ्या मोबाइलपैकी वीस टक्क्यांपर्यंत या इमारतीतून गेले असावेत, असे त्यांनी मांडले. मोठ्या कंपन्यांच्या जागतिकीकरणाच्या खाली, पिशवीतून आणि ओळखीतून चालणारे हे दुसरे जागतिकीकरण आहे, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त.

या सिद्धान्ताला खानावळींची बाजू आहे. असा व्यापारी चार दिवसांसाठी येतो, नफा थोडा असतो, दिवसभर पायपीट करतो आणि रात्री उशिरा जेवतो. त्याला जेवण स्वस्त हवे, उशिरापर्यंत हवे आणि तो मुसलमान असेल तर मांस हलाल हवे. हाँगकाँगच्या चिनी उपाहारगृहांत डुकराचे मांस आणि चरबी सर्रास असते. चुंगकिंगमधल्या पाकिस्तानी आणि भारतीय मुसलमानांच्या खानावळींत ती धास्ती नसते. त्यामुळे सेनेगलचा व्यापारी लाहोरी निहारी खाऊ लागला आणि बांगलादेशी कामगार त्याच टेबलावर त्याच्यासमोर बसू लागला. काही आफ्रिकी खानावळीही निघाल्या, जिथे फुफू आणि जोलोफ भात मिळे. मशीद जवळ असल्याने शुक्रवारच्या नमाजानंतर आणि रमजानच्या संध्याकाळी इमारतीत मोठी गर्दी उसळते. शाकाहाऱ्यांची सोय तुलनेने कमी, तरी डाळ, छोले, पालक-पनीर, आलू-गोबी जवळपास सगळीकडे असते.

आज आत शिरणाऱ्याला सर्वप्रथम दिसतात ती तळमजल्यावरची काउंटरे. काचेआड समोशांचे आणि भज्यांचे ढीग, जिलेबी, गुलाबजाम, बर्फी. स्टीलच्या खोल परातींत कोंबडीचा रस्सा, खिमा, छोले, डाळ. बोटाने दाखवायचे, भातावर किंवा रोटीबरोबर वाढून घ्यायचे आणि बोळातच मांडलेल्या दोन-चार टेबलांपैकी एकाशी बसायचे. शेजारी मसाल्यांची, डाळींची आणि आट्याची वाणसामानाची दुकाने आहेत, त्यामुळे स्वयंपाक्याला माल आणायला इमारतीबाहेरही जावे लागत नाही. हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना हिंग, कढीपत्ता, बासमती तांदूळ यांसाठी ही दुकाने उपयोगी पडतात. घरच्या फोडणीसाठी लागणारे बरेच काही त्यांत मिळते. वरच्या मेसमध्ये वातावरण वेगळे. अरुंद बोळातून दार ढकलले की वातानुकूलित खोली, रांगेत टेबले, भिंतीवर टीव्हीवर हिंदी गाणी किंवा क्रिकेट. खाली पदार्थ आधीच शिजवलेला असतो, वर मागणीनुसार बनतो. पैशांतही तेवढा फरक पडतो.

हे अन्न स्वस्त का पडते, याचे एक कारण कमी भाडे हे वर आलेच. दुसरे कारण फारसे सुखद नाही. मॅथ्यूज यांच्या अभ्यासात कोलकात्याहून पर्यटक म्हणून येऊन, मुदत संपेपर्यंत दुकानांत आणि खानावळींत काम करून परतणाऱ्या माणसांचे तपशीलवार वर्णन आहे. भारतीय नागरिकांना तेव्हा हाँगकाँगमध्ये व्हिसाशिवाय चौदा दिवस राहता येत असे. ये-जा करताना ही माणसे सोबत विक्रीचा मालही नेत आणि तिकिटाचा खर्च त्यातून काढत. भांडी घासणे, कांदे कापणे, कार्ड वाटणे ही कामे ते हाँगकाँगच्या मानाने अगदी तुटपुंज्या पगारावर करत. घरच्या मानाने मात्र तो पगार बरा वाटे. दुसरा गट आश्रय मागणाऱ्यांचा. हाँगकाँगमध्ये त्यांना अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करण्याची परवानगी नाही आणि निकालाला वर्षे लागतात. त्यांतले काही लपून काम करत आणि पकडले गेल्यास तुरुंगात जात. हाँगकाँगमध्ये किमान वेतनाचा कायदा मे २०११ मध्ये लागू झाला आणि ताशी २८ हाँगकाँग डॉलर हा पहिला दर ठरला. पण ज्याला काम करण्याचीच मुभा नाही, त्याला तो मागायची सोय नव्हती. जानेवारी २०१७ पासून भारतीयांना येण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली आणि कोलकात्याहून येणारी ही वाट अरुंद झाली. स्वस्त थाळीचा इतिहास लिहिताना तिच्यामागे राबलेल्या या माणसांचा हिशेब वगळणे अन्यायाचे होईल.

स्वस्त अन्नाची हाँगकाँगची स्वतःची परंपराही मोठी आहे आणि तिची वाट चुंगकिंगच्या उलट दिशेने गेली. रस्त्यावरच्या दाय पाय दाँग या खाद्यगाड्यांना नवे परवाने देणे सरकारने १९५६ मध्ये थांबवले. पुढे अनेक विक्रेत्यांना महापालिकेच्या मंडयांच्या इमारतींत, वरच्या मजल्यावरच्या खाद्यकेंद्रांत हलवण्यात आले. तिथे खाली भाजी-मासळी आणि वर शिजवलेले अन्न. म्हणजे तिथे स्वस्त अन्न इमारतीत शिरले ते सरकारी योजनेने आणि सरकारी भाड्याने. चुंगकिंगमध्ये असे कोणी योजले नव्हते. कोणत्याही अधिकाऱ्याने आखलेले नसताना, पडत्या भावाच्या सदनिकांत ते आपोआप रुजले.

स्थानिक लोकांची भीती २००० नंतर हळूहळू ओसरली. बदललेली सुरक्षाव्यवस्था, वर्तमानपत्रांतले लेख, मॅथ्यूज यांचे लिखाण यांचा त्यात वाटा होता. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००७ साली जागतिकीकरणाचे आशियातले उत्तम उदाहरण म्हणून या इमारतीचा उल्लेख केला. तरुण चिनी मुले करी-भात खायला जिने चढू लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये या संबंधांची कसोटी लागली. शहरात सरकारविरोधी आंदोलन पेटले असताना एका आंदोलन-नेत्यावर हल्ला झाला आणि हल्लेखोर दक्षिण आशियाई असल्याची बातमी पसरली. सूड म्हणून चुंगकिंग मॅन्शन्स फोडली जाईल, अशी धास्ती निर्माण झाली. २० ऑक्टोबरला प्रचंड मोर्चा नेथन रोडवरून निघाला, तेव्हा इमारतीतले भारतीय, पाकिस्तानी आणि आफ्रिकी रहिवासी दारात उभे राहून मोर्चेकऱ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होते. कोणी दगड उचलला नाही. त्याच दिवशी पोलिसांच्या पाण्याच्या तोफेतून निळा रंग कौलून मशिदीच्या पायऱ्यांवर पडला, तेव्हा अनेक चिनी नागरिक तो धुऊन काढायला धावले. त्यानंतरच्या आठवड्यात लोक मुद्दाम इमारतीत येऊन जेवले. ज्यांनी आयुष्यभर आत पाऊल टाकले नव्हते ते मेसच्या रांगेत उभे राहिले. या इमारतीच्या सहा दशकांतली ही सर्वांत मोलाची घटना मानायला हवी, कारण एका समाजाने दुसऱ्यावरचा विश्वास इथे जेवणाच्या ताटावर बसून व्यक्त केला.

पुढच्याच वर्षी कोविडची साथ आली. २५ मार्च २०२० पासून हाँगकाँगने बाहेरच्या अनिवासी प्रवाशांना दार बंद केले. गेस्टहाउसे ओस पडली आणि व्यापारी येईनासे झाले. आफ्रिकेतला मोबाइलचा व्यापार त्याआधीच ग्वांगझूकडे आणि ऑनलाइन बाजाराकडे वळू लागला होता. उपाहारगृहांत बसून जेवण्यावर कधी संध्याकाळी सहानंतर, तर जुलै २०२० च्या अखेरीस दोन दिवस पूर्ण बंदी आली. प्रवासी नसताना मेसना आधार राहिला तो हाँगकाँगच्याच लोकांचा.

ही इमारत पाडून तिथे चकचकीत मॉल का झाला नाही, याचे उत्तर मालकीत आहे. हाँगकाँगमध्ये सदनिकेचा मालक म्हणजे संपूर्ण जागेतल्या अविभक्त हिश्श्याचा धनी आणि आपल्या सदनिकेच्या वापराचा अधिकारी. चुंगकिंग मॅन्शन्सचे असे नऊशेहून अधिक हिस्सेदार आहेत. बहुसंख्य चिनी, बाकीचे बरेचसे दक्षिण आशियाई. काही परदेशी स्थायिक, काही वारसाहक्कात भांडत असलेले. सगळ्यांना एका किमतीवर राजी करणे बिल्डरला जमलेले नाही. सक्तीच्या विक्रीसाठी आवश्यक असलेली हिश्श्यांची मर्यादा १९९९ मध्ये लागू झालेल्या कायद्यात ९० टक्के होती. २०१० मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या इमारतींसाठी ती ८० टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये जुन्या इमारतींबाबत ती आणखी शिथिल करणारी दुरुस्ती झाली.

सिंगापूरच्या गोल्डन माइल कॉम्प्लेक्सचे उदाहरण याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. १९७३ साली पूर्ण झालेली ती इमारतही सुट्या मालकीची होती. तिथल्या स्वस्त थाई खानावळींमुळे तिला छोटे थायलंड म्हणत. ८० टक्के मालकांची संमती मिळवून २०२२ मध्ये ती ७० कोटी सिंगापूर डॉलरना विकली गेली. २०२१ मध्ये तिला वारसा-संरक्षण मिळाले होते, त्यामुळे सांगाडा वाचला. खानावळी मात्र मे २०२३ पर्यंत बाहेर पडून शहरभर पांगल्या. चुंगकिंगमधल्या खानावळींना असे कोणतेही संरक्षण नाही. तिथले पुष्कळ मालक आपली सदनिका किंवा गाळा भाड्याने देऊन दरमहा उत्पन्न घेतात, काहीजण स्वतःच लॉज किंवा मेस चालवतात. एकरकमी पैशांपेक्षा ही मिळकत जोवर जवळची वाटते, तोवर त्यांना विकायची घाई नाही.